आत गेलेला कॉम्प्युटर

बोरखडीच्या शाळेतला कॉम्प्युटर एका बुधवारी दुपारी स्वतःच्या आत कोण आहे ते बघायला गेला, आणि सव्वीस वर्षं परत आला नाही.

त्याला पाठवलं पाचवीतल्या संज्योत इंगवलेनं. शाळेत कॉम्प्युटर एकच. त्याला वेगळी खोली, दार-खिडक्यांना हिरवे पडदे, अंगावर शिवणाच्या बाईंनी भरतकाम केलेलं कव्हर. चपला बाहेर काढायच्या, पाय पायपुसण्यावर घासायचे, मगच आत. खंडेनवमीला झेंडूचा हार आणि हळदीकुंकू. एवढा मान तर हेडमास्तरांनाही नव्हता! प्रत्येक पोराला आठवड्यातून एक मिनिट मिळायचं. तेवढ्यात आपलं नाव टाइप करायचं आणि मुकाट उठायचं, हा खरमाटे सरांचा नियम. मागे रांग असायची ना.

त्या दिवशी फरशी गार होती, पंखा पेंगत फिरत होता, आणि संज्योतनं नाव टाइप करायचं सोडून विचारलं, 'आत कोण आहे?'

उत्तर आलं, 'थांब, बघून सांगतो.'

आणि तो गेला. काळ्या पडद्यावर तिच्या प्रश्नाखाली एक हिरवी रेघ लुकलुकत राहिली.

"काय केलंस गं?" खरमाटे सर धावत आले.

"काही नाही सर. विचारलं फक्त."

सरांनी तो प्रश्न दोनदा वाचला. रागावले नाहीत. शाळेच्या सामानाच्या, म्हणजे जडवस्तूंच्या, नोंदवहीत त्यांनी लिहिलं : 'संगणक, नग एक. आत गेला आहे.' पुढे वीज गेली तरी रेघ लुकलुकतच राही. वायरमनला विचारलं तर तो म्हणाला, त्याची काही हरकत नाही.

पोरं आठ दिवसांत विसरली. संज्योतला मात्र चैन पडेना. तो आपल्यामुळे गेला, आत अंधार असला तर? वाट चुकला तर? रोज मधल्या सुट्टीत ती चपला काढून जाई आणि पडद्यासमोर बसे. शिपाई भिकामामा दारातून म्हणे, "पोरी, डबा खा आधी. कामाला गेलेल्याला उशीर व्हायचाच."

"पण मामा, मी पाठवलंय त्याला."

मामा डबा उघडून तिच्या पुढ्यात ठेवी.

सहावीत तिनं ठरवलं, आपणच शोधायचं. शाळेत प्रोग्रॅमिंगचं एकच पुस्तक होतं, तेही मधली पानं गेलेलं. ते वाचून तिनं चार ओळींचा प्रोग्रॅम लिहिला. त्याचं काम एकच, आतलं दार वाजवणं. दार वाजे, बरं का! टकटक स्पष्ट ऐकू येई. ती एक मिनिट वाट बघे आणि उठे.

पुढे डिप्लोमा झाला, मग पुण्यात मुलाखत. समोरच्या गृहस्थांनी विचारलं, "सॉफ्टवेअरमध्ये का यायचंय?"

"आमच्या शाळेचा कॉम्प्युटर आत गेलाय. शोधायचाय."

"शोधायचा अनुभव किती?"

"आठ वर्षं."

"छान. सोमवारपासून या."

सतरा वर्षं तिनं काय काय लिहिलं! दवाखान्यांसाठी, बसच्या वेळापत्रकांसाठी, एका लोणच्याच्या कारखान्यासाठीसुद्धा. प्रत्येक प्रोग्रॅममध्ये ती एका कोपऱ्यात विचारून ठेवायची, 'आमचा कॉम्प्युटर इकडून गेला का?' उत्तरंही येत. दवाखान्याचा म्हणाला, 'परवाच गेला. बस म्हटलं तर बसला नाही.' लोणच्याचा म्हणाला, 'त्याच्या पायात काही नव्हतं.' ती एक मिनिट थांबे आणि पुढच्या कामाला लागे. तिच्या प्रोग्रॅममध्ये कुठलीच गोष्ट एका मिनिटापलीकडे ताटकळत नसे, त्यामुळे साहेब तिच्यावर फार खूश होते.

मग खरमाटे सरांचं पत्र आलं. ते आता मुख्याध्यापक होते. 'चि. संज्योत, शुक्रवारी जडवस्तूंची तपासणी आहे. कॉम्प्युटर मोडीत काढणार म्हणतात. ये.'

संज्योतनं पत्र मिटलं. खोकं गेलं तर तो परत येणार कुठे?

शुक्रवारी ती पोचली तेव्हा तपासणीच्या लोहकरे बाई चपला काढून, पाय घासून आत बसल्या होत्या.

"वस्तू कुठे आहे?" बाईंनी विचारलं.

"आत गेलीय," सर म्हणाले.

"रजेवर?"

"नाही हो, कामावर. या संज्योतनं प्रश्न विचारला होता."

बाईंनी चष्मा पुसला. "प्रश्न बाकी असेल तर वस्तू मोडीत काढता येत नाही. पण पंचवीस वर्षांनी प्रश्न बाद होतो. तुमच्या प्रश्नाला तर सव्वीस झाली. पाच वाजेपर्यंत बसते मी, त्याहून जास्त माझ्या हातात नाही."

संज्योतनं अनवाणी पाय गार फरशीवर टेकले. सतरा वर्षांची विद्या बोटांशी हजर होती, पण तिला आठवल्या त्या चारच ओळी. तिनं त्या टाइप केल्या. टकटक. हिरवे पडदे हलले. एक मिनिट झालं आणि ती सवयीनं उठली.

"संज्योत," खरमाटे सर म्हणाले. "आज मागे रांग नाही गं. बस निवांत."

ती तशीच उभी राहिली. सव्वीस वर्षं दार वाजवून पळालो आपण! तिला रडू आलं, अगदी हमसून रडू आलं. मग ती बसली. दोन मिनिटं झाली, दहा झाली. भिकामामानं चहा आणला, तो निवला. पाचला सात कमी असताना आत कडी निघाली.

'बघून आलो,' पडद्यावर उमटलं. 'लांब होतं. दोनचारदा दाराशी येऊन उघडलं, पण बाहेर कोणी नव्हतं.'

'चुकलं माझं,' संज्योतनं लिहिलं. 'आत कोण आहे?'

'एक मुलगी बसली आहे. पायात चपला नाहीत. ती विचारते आहे, बाहेर कोण आहे?'

लोहकरे बाईंनी पुढे वाकून वाचलं. "हा प्रश्न नवा आहे," त्या म्हणाल्या. "आजची तारीख घाला. पंचवीस वर्षं याला कोणी हात लावणार नाही."

संज्योतनं डोळे पुसले आणि टाइप केलं, 'थांब, बघून सांगते.'

ती उठली आणि हिरवा पडदा सारून अनवाणीच बाहेर गेली. मैदानात शाळा सुटत होती, धूळ उडत होती. खरमाटे सरांनी नोंदवही उघडून लिहिलं : 'संज्योत इंगवले, नग एक. बाहेर गेल्या आहेत.'

भिकामामानं तिच्या चपला झटकल्या आणि परत आल्यावर सापडाव्यात म्हणून पायपुसण्याशेजारी नीट लावून ठेवल्या.