सुपरस्टारचं सुतक

अभिनय माझ्या रक्तात आहे, हे मी लहानपणापासून सांगत आलो होतो. गावात कुणाचा विश्वास बसत नव्हता. मग एका रविवारी टीव्हीनंच ते सांगितलं आणि अख्खं गाव गप्प झालं!

मी देवराव नान्हे. नागभीडपासून दोन कोसांवर आमचं गाव. गावाला मोठा तलाव, तलावाला मच्छीमार सोसायटी आणि सोसायटीला सेक्रेटरी मी. पण ही झाली पोटापाण्याची ओळख. खरा मी नट! दिवाळी झाली की आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि मंडई म्हटली की रात्रभर नाटक. गावच्या नाट्यमंडळात मी बारा वर्षं काम करत होतो. त्यात नऊ वेळा इन्स्पेक्टर झालो आणि तीन वेळा डॉक्टर. इन्स्पेक्टर निदान शेवटच्या अंकात येऊन कुणाला तरी बेड्या ठोकतो. डॉक्टरच्या नशिबी तेवढंही नाही. तो नाडी पाहतो, मान हलवतो आणि निघून जातो. हिरो मात्र दरवर्षी उमाजीच. हा उमाजी माझा शेजारी. आवाज भोंग्यासारखा, आणि वय विचाराल तर हिरॉइनच्या बापाचं काम करणाऱ्यापेक्षा दोन वर्षांनी जास्त!

दोन हजार तीन साली टीव्हीवर 'कूळ-मूळ' नावाचा कार्यक्रम सुरू झाला. दर रविवारी संध्याकाळी कुणीतरी नामांकित माणूस आपले पूर्वज शोधायला निघायचा. जुने कागद उलटायचा, एखाद्या पडक्या देवळापाशी उभा राहायचा आणि शेवटी रडायचा. आमच्या आळीत रंगीत टीव्ही माझ्याकडेच, त्यामुळे सगळी आळी माझ्या ओसरीवर. कार्यक्रम अर्ध्या तासाचा, पण त्यावरची मतं दीड तास चालायची.

उमाजीची तक्रार अशी, की सगळ्यांचे आजे-पणजे सरदार किंवा दिवाणच कसे निघतात? तापानं मेलेला एकही का नाही? माझी बायको साधना म्हणायची, वंशावळीत नुसते पुरुषच दाखवतात, यांच्या घरच्या बाया काय आभाळातून पडल्या? गुणवंतराव गुरुजी, म्हणजे रिटायर मास्तर आणि आमच्या नाट्यमंडळाचे दिग्दर्शक, त्यांना फक्त मागचं संगीत जास्त वाटायचं. एकदा एका गायिकेला कळलं की तिची पणजी डोक्यावर टोपली घेऊन मासे विकायची. गायिका ओक्साबोक्शी रडली. आमच्या कलाबाईचा नागभीडच्या बाजारात मासोळ्यांचा धंदा. ती भडकलीच.

"मी चाळीस वर्स झाले मासोळ्या इकून राह्यली," ती म्हणाली. "माह्यासाठी कोनी रडलं का?"

अशात एका रविवारी आला चंद्रजीत. सिनेमातला सुपरस्टार! एका ठोशात सहा माणसं उडवणारा! पांढऱ्या केसांच्या एका अभ्यासकानं त्याच्यापुढं कागद पसरला आणि सांगितलं, तुमच्या पणजोबांचं मूळ आडनाव नान्हे. नागभीडकडच्या एका तलावाकाठच्या गावातून ते मुंबईला गिरणीत गेले. चंद्रजीतनं गॉगल काढला आणि डोळे पुसले.

ओसरीवरच्या सगळ्या माना माझ्याकडं वळल्या. आमच्या गावात नान्ह्यांचं घर एकच, ते माझं. आता नागभीडच्या आसपास तलावाची गावं किती आणि त्यांत नान्हे किती, हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण अशा वेळी कोण मोजत बसतं? मी शांतपणे तंबाखू चोळली आणि म्हणालो, "हो. आमची भाऊकी आहे ती."

भाऊकी म्हणजे एका पूर्वजाची लेकरं, एका रक्ताची माणसं. असल्या गोष्टी विचारायच्या तर आमच्या आईला, इंदिराबाईला. पण आई तेव्हा कुरखेड्याला होती. माझी बहीण रीता बाळंत व्हायची होती आणि डॉक्टरनं तिला एसटीत बसायची मनाई केली होती, म्हणून पोळा झाल्याबरोबर आईच तिकडं गेली. आणि खरं सांगायचं तर, तिला विचारावं असं माझ्या मनातही आलं नाही. टीव्हीनं सांगितल्यावर आईला काय विचारायचं?

कार्यक्रमाच्या शेवटी 'प्रेक्षकांचं मत' म्हणून पत्रं वाचून दाखवत. मी त्याच रात्री पत्र लिहिलं. कार्यक्रम उत्तम आहे, पण एक उणीव राहिली. चंद्रजीतला आमच्या गावी आणायला हवं होतं, कारण नात्यानं तो माझा पुतण्या लागतो. महिनाभरानं ते पत्र टीव्हीवर वाचलं गेलं! माझ्या नावासकट, गावासकट!

दुसऱ्या दिवशी सकाळी गुणवंतराव गुरुजी चहाला आले आणि जाताना हिरोची भूमिका देऊन गेले. आठवड्याभरात नागभीडपासून सिंदेवाहीपर्यंत पोस्टरं लागली : 'सुपरस्टार चंद्रजीत यांचे काका देवराव नान्हे, प्रमुख भूमिकेत!' उमाजीला इन्स्पेक्टर दिला. मला वाटलं, हा आता भांडणार. पण तो तलावाच्या पाळीवर भेटला तो अगदी गोड.

"देवरावभाऊ, पक्की भाऊकी का?"

"पक्की."

"सुखदुःखाची?"

"सुखदुःखाची," मी छातीवर हात ठेवून म्हणालो.

मी तालमीला लागलो. मानेपर्यंत केस वाढवले, मिशीला पीळ दिला. सोसायटीत मासोळ्यांचं वजन घेतानाही मी प्रेमाचे संवाद म्हणायचो. कलाबाईनं एकदा माझ्यादेखत दुसऱ्याकडून पुन्हा वजन करून घेतलं, पण मी रागावलो नाही. मोठ्या नटाला हे सगळं सोसावं लागतं.

मंडईला चार दिवस उरले असताना टीव्हीवर बातमी आली. चंद्रजीतच्या काकांचं मुंबईत वयाच्या ब्याण्णवाव्या वर्षी निधन. मी साधनाला म्हणालो, बिचारे गेले, आणि चॅनल बदललं.

दहा मिनिटांत उमाजी दारात हजर! डोक्यावर पांढरा दुपट्टा, चेहरा दुःखानं लांबलेला. त्याच्यामागं गावातली पाच वडीलधारी मंडळी आणि सगळ्यांच्या मागं झिंगू न्हावी, त्याच्या पेटीसकट!

"देवरावभाऊ, लय वाईट झालं," उमाजी म्हणाला. "घरचं मानूस गेलं."

"कुणाच्या घरचं?"

"असं काऊन करता? तुमच्या भाऊकीतलं मरन. दहा दिवस सुतक आलं. आता तोंडाले रंग लावता येत नाई, पडद्याच्या पूजेले जाता येत नाई."

मी म्हणालो, अरे, पण ते तर मुंबईत गेले.

"मुंबईत गेले म्हनून काय झालं? रक्त का नागभीडच्या टेसनावर उतरून जाते का?"

वर त्यानं नियम सांगितला, की मरण दूरच्या गावी झालं तर ऐकल्या दिवशीच केस आणि मिशी उतरवावी लागते. हा नियम मी जन्मात ऐकला नव्हता. पण पाचही म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. म्हातारी माणसं कुठल्याही नियमाला मान डोलावतात.

मी आत गेलो. साधना म्हणाली, "खरं सांगून द्या ना. तो तुमचा कोनी लागत नाई म्हना."

सांगणं सोपं होतं हो! पण भाऊकी नाही म्हटलं, तर ज्या भाऊकीवर हिरो मिळाला तो हिरोही गेला, आणि पोस्टर लागलेल्या साऱ्या गावांत तोंड दाखवायची सोय राहिली नाही. भाऊकी आहे म्हटलं, तर हिरो गेला, पण तोंड तरी राहिलं. मी तोंड वाचवायचं ठरवलं आणि झिंगूपुढं जाऊन बसलो.

झिंगूनं पहिला हात मिशीलाच घातला. बारा वर्षांनी मिळालेली भूमिका माझ्या डोळ्यांदेखत मांडीवर केस केस होऊन पडत होती आणि मला खरोखरच रडू आलं. गावकरी हळहळले. गुणवंतराव गुरुजींनी डोळ्याला धोतराचा सोगा लावला. कलाबाई शेजारणीला म्हणाली, "टीव्हीवाल्याइपेक्षा हा बरा रडते." माझ्या अभिनयाचं गावात झालेलं हे पहिलं कौतुक, आणि मी तेव्हा अभिनय करत नव्हतो!

हिरोचं काम उमाजीकडं गेलं. चार दिवसांत एवढे संवाद कसे पाठ होणार, अशी गुरुजींना काळजी होती. पण ते त्याला आधीच पाठ होते.

मंडईचा दिवस उजाडला. बाहेर पाळणे, जिलेबीची दुकानं, भोंग्यावर गाणी, सगळ्या घरी पाव्हणे. आणि मी मागच्या अंगणात वेगळ्या चटईवर, गोटा होऊन बसलेलो! तरी मी मान ताठ ठेवली होती. सुपरस्टारचं सुतक पाळणारा माणूस अख्ख्या जिल्ह्यात मी एकटाच होतो.

रीताचं बाळंतपण आटोपून दुपारच्या एसटीनं आई आली. अंगणात पाऊल टाकलं, माझं डोकं पाहिलं आणि तिच्या हातातली पिशवी गळून पडली.

"कोन मेलं?" ती ओरडली. "सुरेंद्र गेला का रे माहा?"

सुरेंद्र माझा धाकटा भाऊ, अहेरीला नोकरीला. तो ठणठणीत असल्याचं साधनानं शपथेवर सांगितलं, तेव्हा कुठं आई खाली बसली. मग मी तिला सगळं सांगितलं. चंद्रजीत, पणजोबा, गिरणी, भाऊकी. सांगताना माझी छाती पुन्हा जरा फुगली. आईनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पन आपन नान्हे कुठी आहो?"

मला वाटलं, प्रवासानं थकली असेल.

"हे घर नान्ह्याचं," आई म्हणाली. "नान्ह्याले एकच पोरगी, ते तुही आजी. तुहा आजा घरजावई आला. आपन शेंडे. तुह्या बापाले शाळेत टाकलं तवा मास्तरनं घर पाह्यलं आन नान्हे लिहून देलं. साऱ्या म्हाताऱ्याइले माहीत आहे. उमाजीच्या मायले बी माहीत आहे."

उमाजीचं नाव निघताच मी चटईवरून पुढं सरकलो. "उमाजीला माहीत होतं?"

"मले का माहीत? पन परवा त्यानं रीताकडं फोन केला होता. म्हने, इंदिराबाई, मंडईले कधी येता? म्हनलं, मंडईच्याच दिवशी येतो. म्हने, आरामात या, घाई करू नका."

मी डोक्यावरून हात फिरवला. हाताला काहीच लागलं नाही. "आई, तू हे मला कधी का सांगितलं नाहीस?"

"तू इचारलं कवा? तू त्या डब्ब्याले इचारलं. त्या डब्ब्यानं का तुले लहानाचा मोठा केला का?"

मी हळूच विचारलं, की मग आजोबा होते तरी कोण, आले कुठून?

"कुठून आला ते त्यानं कधी सांगतलंच नाई. मंडईतच आला होता. दंडारीच्या पार्टीत बाईचं काम करे, लुगडं नेसून."

मी ताडकन उभा राहिलो! आजोबा नट! गावोगाव फिरून दंडारीचं लोकनाट्य रंगवणारा अस्सल नट! चंद्रजीत गेला खड्ड्यात, त्याच्या पणजोबाची गिरणीही गेली. अभिनय माझ्या रक्तात आहे हे शेवटी खरंच ठरलं, आणि तेही घरच्या पुराव्यानं! मला भरून आलं. मी आईला म्हणालो, म्हणजे आजीवर त्यांचा जीव जडला आणि तिच्यासाठी ते पार्टी सोडून इथं राहिले?

आई पिशवीतून रीतानं दिलेले लाडू काढत होती.

"कायचा जीव रे बाबा. इतकं बेकार काम करे, का पार्टी त्याले झोपेतच टाकून पहाटे निघून गेली. नान्ह्याले दया आली, त्यानं हाती जाळं देलं."

सुतक सुटलं होतं. मी आंघोळ केली, कानटोपी घातली आणि रात्री मंडपात सगळ्यात मागं जाऊन बसलो. उमाजीचं काम, आता खोटं कशाला सांगू, बरं झालं.