बिनखोबऱ्याची वडी

रविवारी सकाळी पोह्यांच्या गरम बशीखाली ठेवायला उर्जाने टोपलीतून जो कागद ओढला, ते पत्र होतं आणि ते बुधवारीच आलेलं होतं. खांबेट्यांच्या घरी जर्मन पत्रांचे दोन ढीग असत. एक 'लगेच बघू'चा आणि दुसरा 'नंतर बघू'चा. दोन्ही एकाच टोपलीत असल्यामुळे कुठलंच पत्र लगेच बघितलं जात नसे.

"बाबा, हॉयटे!" उर्जा ओरडली. नऊ वर्षांच्या उर्जाला मराठी सगळं समजायचं, पण तोंडून यायचं ते जर्मनच. "हॉयटे, ड्राय ऊअर!"

"आज? तीन वाजता? काय आहे आज तीन वाजता?" श्यामकांतने पत्र ओढून घेतलं. वाचता वाचता त्याचा पोह्यांचा घास गालातच राहिला.

पत्र बागेच्या फेराइनचं, म्हणजे संघटनेचं होतं. सतरा नंबरच्या तुकड्यात भाजीपाल्याच्या जागी शोभेची झाडं आढळली आहेत. नियमाप्रमाणे एक तृतीयांश जमिनीत खाण्याजोगं पीक हवं. सदर झाड दुकानात शोभेचं म्हणून विकलं जातं आणि कुंडीवरच्या चिठ्ठीप्रमाणे ते विषारी आहे. समिती रविवारी तीन वाजता येईल. ते खाण्याजोगं असल्याचा पुरावा मिळाला नाही, तर करार रद्द होईल.

"अळू विषारी?" मालिनीबाईंनी पदर खोचला. "फदफदं खाल्लं नसेल कधी मेल्यांनी!"

मालिनीबाई श्यामकांतच्या आई. लुडविग्सहाफेनला येण्याची ही त्यांची तिसरी खेप. पहिल्या दोन खेपांना त्या तीन-तीन महिने खिडकीत बसून ट्रामा मोजत होत्या. भाषा नाही, ओळख नाही, खाली उतरलं तर बोलायला कुत्रंसुद्धा जर्मन. चार वर्षं यादीत नाव लावून ठेवल्यावर मार्चमध्ये बागेचा तुकडा मिळाला, तोही एका वर्षाच्या बोलीवर, आणि बाईंना जणू नवा जन्म मिळाला. यंदा त्या पायमोज्यांत अळकुड्या लपवूनच आल्या होत्या. मेच्या मध्यापर्यंत श्यामकांतने त्या मातीला लागू दिल्या नाहीत. इथले लोक 'आइसहायलिगे' म्हणतात ते थंडीचे शेवटचे दिवस गेल्याशिवाय कोणी काही लावत नाही. "कुडकुडत असतील रे बिचाऱ्या त्या डब्यात," असं बाई रोज ऐकवायच्या. आता ऑगस्टात एकेक पान छत्रीएवढं झालं होतं, आणि त्या पानांत उभ्या राहिल्या की बाई श्यामकांतला पंधरा वर्षांपूर्वीच्या दिसायच्या. बाग गेली तर आई पुन्हा खिडकीत बसणार, हे त्याला पत्र वाचतानाच कळलं होतं.

"पुरावा म्हणजे वड्या," श्यामकांतची बायको सुधा उठली. "त्यांच्यासमोर खायच्या, त्यांनाही खायला घालायच्या. विषय संपला. आई, तुम्ही पानं आणा, मी पीठ भिजवते."

विषय संपला नाही, कारण चिंच संपली होती. बरणीच्या तळाशी सुपारीएवढा गोळा निघाला. घरातलं एकुलतं लिंबू मालिनीबाईंनी काल वरणभातावर पिळलं होतं. रविवारी या देशात दुकान उघडं म्हणून मिळत नाही. वरच्या मजल्यावरचे इटलीला, समोरचे स्पेनला गेलेले. श्यामकांत गाडी काढून पेट्रोल पंपावर जाऊन आला. तिथे इंजिन ऑइल होतं आणि चॉकलेट होतं.

"थोडी कमी आंबट केली तर?" तो म्हणाला.

"घसा धरेल," मालिनीबाई म्हणाल्या.

"त्यात कॅल्शियम ऑक्झॅलेटचे स्फटिक असतात. सुयांसारखे. ते घशात..." श्यामकांत रसायनाच्या कारखान्यात केमिस्ट होता, आणि संकटात त्याला शास्त्र सुचायचं.

"सूत्र नको, चिंच दे," सुधा म्हणाली.

शेवटी मालिनीबाईंनीच तोडगा काढला. सगळी चिंच एका उंड्यात. त्याच्या आठ वड्या, समितीसाठी. पण पाहुण्यांपुढे आठ वड्यांचं ताट ठेवायचं म्हणजे खांबेट्यांच्या घराण्याला बट्टा. म्हणून ताट भरलेलं दिसावं यासाठी दुसरा उंडा, व्हिनेगर घालून.

"व्हिनेगर चालेल?"

"चालेल का काय, खायच्याच नाहीत त्या! नुसत्या मांडायच्या. चिंचेच्यांवर खोबरं भुरभुरते, म्हणजे ओळखू येतील. खोबऱ्याच्या त्यांना. तूही खोबऱ्याचीच उचल. कळलं?"

"कळलं," श्यामकांत म्हणाला. गाडीत त्याने ते आणखी चार वेळा स्वतःशी म्हटलं.

ठीक तीनच्या ठोक्याला सतरा नंबरचं फाटक वाजलं. समितीत दोघंच होती. अध्यक्ष हेर ब्योलर, सत्तरीचा, गोल चेहऱ्याचा माणूस. त्याची नि खांबेट्यांची चांगली ओळख होती. जूनमध्ये तो सहज डोकावला तेव्हा मालिनीबाईंनी बेसनाचे लाडू पुढे केले होते. तो "नाइन, डांके" म्हणाला तरी त्या हटेनात, तेव्हा श्यामकांतने त्याला समजावलं होतं, की आमच्यात माणूस दोनदा 'नको' म्हणतो ते नुसतं संकोचाने. यजमानाने तिसऱ्यांदा आग्रह करायचाच. नाही केला तर अपमान. "गेनाऊ!" म्हणजे 'अगदी बरोबर!' म्हणत ब्योलरने तीन लाडू संपवले होते आणि ही पद्धत आपल्याकडेही असायला हवी, असं सांगून गेला होता.

पण आज त्याच्यासोबत सचिव फ्राऊ क्लाइन होती. तिच्या हातात फाईल होती आणि फायलीत दुकानातली ती चिठ्ठी. चिठ्ठीवर छत्रीसारखं पान आणि त्याखाली कवटी.

"आल्झो," ती जर्मनमध्ये म्हणाली, "हे झाड खातात असं तुमचं म्हणणं?"

"शेकडो वर्षं," श्यामकांतने ताट पुढे केलं. "घ्या ना."

"कामावर असताना आम्ही काही खात नाही. तुम्ही खा. आम्ही बघतो."

चला, सुटलो! श्यामकांतने हसत खोबऱ्याच्या वडीवर बोट टेकवलं.

"थांबा." फ्राऊ क्लाइनने चष्मा पुढे ओढला. "काहींवर पांढरं आहे, काहींवर नाही. ही खूण कसली?"

"खूण नाही, खोबरं. शोभेसाठी."

"शोभेसाठी," तिने ते लिहून घेतलं. "मग शोभा नसलेली खा."

सुधाचा हात मालिनीबाईंच्या हातावर आवळला गेला. बाईंना जर्मन कळत नव्हतं, पण मुलाचं बोट खोबऱ्याच्या वडीवरून उठून कुठे चाललंय ते दिसत होतं. श्यामकांतने बिनखोबऱ्याची वडी तोंडात टाकली, चार वेळा चावली आणि गिळली.

"वीस मिनिटं," फ्राऊ क्लाइनने घड्याळ काढलं. "विषबाधा लगेच कळत नाही."

पहिली दोन मिनिटं काही झालं नाही. तिसऱ्या मिनिटाला घशात कोणीतरी काथ्या घासायला सुरुवात केली. पाचव्याला जीभ सुजल्यासारखी झाली. ऑक्झॅलेट म्हणजे काय हे कारखान्यात इतकी वर्षं काढून जेवढं कळलं नव्हतं, तेवढं आता कळलं. खाकरावंसं वाटत होतं, पण खाकरला की बाग गेली.

"हसत राहा," सुधा मराठीत पुटपुटली.

"हसतोच आहे."

"हे हसणं नाही. दात दिसताहेत नुसते."

दहाव्या मिनिटाला त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. फ्राऊ क्लाइन एक पाऊल पुढे आली. मालिनीबाईंनी डोळे मिटून रामरक्षा सुरू केली. या सगळ्यात ताटाकडे लक्ष होतं ते एकट्या उर्जाचं. समिती खात नाही म्हटल्यावर तिने एक खोबऱ्याची वडी उचलली होती, मग दुसरी, मग तिसरी.

"तुम्ही रडताय, हेर खांबेटे?" ब्योलरने विचारलं.

"आईच्या... हातची..." श्यामकांत घोगऱ्या आवाजात एवढंच म्हणू शकला. ते खोटं नव्हतं, हेच त्यातलं वाईट.

ब्योलरचे डोळे पाणावले. त्याने फ्राऊ क्लाइनकडे पाहिलं. वीस मिनिटं झाली होती आणि माणूस उभा होता. तिने नाइलाजाने फॉर्मवर 'गेम्यूझे', म्हणजे भाजी, असं लिहिलं आणि शिक्का अध्यक्षांच्या हातात दिला.

ब्योलरने शिक्का उचलला. तो हवेतच थांबला.

"पण इतकं आवडतं, डोळ्यांत पाणी येतं, आणि खाल्ली फक्त एक?" त्याने ताटाकडे पाहिलं. तेवढ्यात त्या ताटातून शेवटची खोबऱ्याची वडी नाहीशी झाली.

"आजी, अजून आहेत?" उर्जा चक्क मराठीत म्हणाली.

ताटात सात वड्या उरल्या होत्या. साती बोडक्या. ब्योलरने त्यातली एक अदबीने उचलली आणि श्यामकांतपुढे धरली.

"नाइन, डांके," श्यामकांत म्हणाला.

"एक," ब्योलर हसून म्हणाला. "घ्या हो."

"खरंच नको. पोट भरलंय."

"दोन." ब्योलरचा चेहरा आनंदाने फुलला होता. धडा पाठ होता. वडी आणखी जवळ आली. दुसऱ्या हातातला शिक्का मात्र कागदापासून चार बोटं वरच होता. "आता तिसऱ्यांदा. आग्रह केला नाही तर अपमान. बरोबर ना?"

श्यामकांतने सुधाकडे पाहिलं. सुधाने आभाळाकडे पाहिलं. मग त्याने अळूकडे पाहिलं. छत्रीएवढ्या पानांत आई उभी होती, एका पानाचं टोक बोटांत धरून.

"नाही म्हणू नकोस रे, श्याम," मालिनीबाई हळूच म्हणाल्या. "घरी गेल्यावर दूध देते."

श्यामकांतने आ केला. शिक्का खाडकन कागदावर बसला.