साय म्हणजे काय

कोणताही विषय शिकवण्याचं काम सुरळीत चालायचं असेल, तर वर्गात कुणालाही त्या विषयाबद्दल कुतूहल नसणं ही पहिली अट आहे. नांदेडातल्या आमच्या भौतिकशास्त्र विभागाने ही अट वर्षानुवर्षं काटेकोर पाळली. म्हणूनच पुंज यांत्रिकी (विद्यार्थी याला ‘क्वांटम’ म्हणतात आणि पालक ‘ते अवघडवालं’) या पेपरचा आमचा निकाल विद्यापीठात कायम वरचा असे.

या यशाचे शिल्पकार प्रा. महादेवप्पा सर. मूळचे देगलूरचे, बोलणं कमी, अक्षर सुरेख. फळ्याच्या डाव्या कोपऱ्यात ते समीकरण सुरू करत आणि घंटा होताना ते उजव्या कोपऱ्यात सिद्ध झालेलं असे. मधल्या भागात काय घडलं याची चौकशी करण्याचा प्रघात नव्हता. या समीकरणांत त्रिशूळासारखं दिसणारं एक ग्रीक अक्षर सारखं येतं. त्याचा उच्चार ‘साय’. सर फळ्यावर साय लिहीत, मुलं ती उतरवून घेत आणि परीक्षेत विद्यापीठाला परत करत. (वाटेत कुठेही सांडलवंड होत नसे.)

अशा या व्यवस्थेत बुद्धप्रिया आली. ती मुदखेडहून रोज रेल्वेने यायची. वडील विनोदराव तिथेच स्टेशनात गाड्यांचे रूळ बदलणारे पॉइंट्समन. घरच्यांनी तिला रिवाजाप्रमाणे लातूरला डॉक्टर होण्यासाठी पाठवलं होतं. तिथे ती भौतिकशास्त्राच्या प्रेमात पडली. अशा मुलींचं काय करायचं याची तरतूद लातुरात नाही, म्हणून ती बी.एस्सी. करून आमच्याकडे एम.एस्सी.ला आली.

एके दिवशी तास निम्म्यावर असताना ती उभी राहिली.

“सर, साय म्हणजे काय?”

सरांनी हातातला खडू खाली ठेवला. “कुठली साय?”

“तुम्ही आता लिहिली ती.”

“ते परीक्षेला विचारत नाहीत.”

“परीक्षेसाठी न्हाई, सर. मला कळावं म्हणून विचारून राहिले.”

मागच्या बाकावर झोपलेला हिमायतनगरचा बालाजी शांततेमुळे जागा झाला.

विभागाची तातडीची बैठक बोलावण्यात आली. विषय क्रमांक एक : विद्यार्थिनीस कळण्याची इच्छा होणे. चर्चेअंती समिती नेमली गेली. तीत महादेवप्पा सर, पुनम मॅडम आणि मी. (मी तासिका तत्त्वावर असल्यामुळे मला कोणत्याही समितीत घेता येतं आणि कोणत्याही समितीतून काढता येतं.) समितीने पहिलं पाऊल म्हणून पालकांना बोलावलं. विनोदराव आणि सिंधुताई दोघंही आले, खुर्च्यांच्या काठावर बसले.

“घरी काही टेन्शन आहे का हिला?” पुनम मॅडमनी हळुवारपणे विचारलं.

“न्हाई मॅडम,” विनोदराव म्हणाले. “लहानपणापासून इचारतीच ही. चंद्र आपल्यासंगं का येतो, रूळ तिकडं जाऊन एक का व्हतात. आम्हाला वाटलं, एम.एस्सी.ला गेल्यावर बंद व्हईल.”

“होतं बहुतेकांचं,” सर म्हणाले.

सिंधुताई इतका वेळ ऐकत होत्या. “सगळे साय साय करून राहिलेत. दुधावरची न्हाई ना ही?”

“नाही.”

“मग कशावरची हाय?”

समितीला याचंही उत्तर देता आलं नाही. म्हणजे एक प्रश्न सोडवायला बसलेल्या समितीकडे आता दोन झाले. (समित्यांच्या कामकाजात ही प्रगतीच मानली जाते.)

पालक गेल्यावर पुनम मॅडमनी दार लावून घेतलं आणि आम्ही तिघांनी एकमेकांना खरं खरं विचारलं. तिघांपैकी कुणालाही माहीत नव्हतं. मग सरांनी ग्रंथालयातून ते जाडजूड इंग्रजी पुस्तक घरी नेलं, जे तपासणी पथक आलं की दर्शनी भागात ठेवण्यासाठी खरेदी केलेलं होतं. रविवार गेला. सोमवारी सर दाढी न करता आले आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, “रविकिरण, हे फार विचित्र आहे हो.” तक्रारीचा सूर नव्हता. लग्नाच्या पंगतीत एखादा नवाच पदार्थ पानात पडावा आणि तो आवडावा, तसा चेहरा होता.

त्यानंतर त्यांनी प्रयोग करायचं ठरवलं. प्रयोगशाळेत लेसर होता, पण तो खराब होऊ नये म्हणून कधी वापरलेला नव्हता आणि त्याच्या कपाटाची किल्ली प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या गृहस्थांबरोबर निवृत्त झाली होती. शेवटी पुनम मॅडमच्या मुलाने माळेगावच्या जत्रेतून आणलेला खेळण्यातला लेसर कामी आला. बुद्धप्रियाने डोक्याचा एक केस दिला. खिडक्यांना चादरी लावून अंधार केला, मी केस धरला, बालाजीने लेसर धरला. प्रकाश केसावर पडला आणि समोरच्या भिंतीवर एका ठिपक्याऐवजी लाल पट्टे उमटले. उजेड, अंधार, उजेड, अंधार, ओळीने.

सर भिंतीजवळ गेले. त्यांनी पट्ट्यांवर बोट ठेवून पाहिलं.

“नोकरीला लागल्यापासून फळ्यावर काढतोय मी हे,” ते म्हणाले. “खरंच पडतात की.”

मग ते इतके हसायला लागले की त्यांना स्टूल द्यावं लागलं. स्टुलावर बसूनही हसत राहिले. काही कारण नसताना आम्हीही हसलो. हसू ओसरल्यावर सर सांगू लागले : केसाच्या दोन्ही बाजूंनी आलेला प्रकाश एकमेकांत मिसळतो म्हणून हे पट्टे पडतात, पण प्रकाशाचा एकेक कण सुटा सोडला, पहिला पोचल्यावर दुसरा, तरी सावकाश असेच पट्टे तयार होतात.

“सुटा कण?” बुद्धप्रिया म्हणाली. “मग तो मिसळतो कुणाशी?”

“मला माहीत नाही,” सर म्हणाले.

हे वाक्य कार्यालयीन वेळेत उच्चारलं जाण्याची विभागातली ही पहिलीच खेप.

त्यानंतर परिस्थिती हाताबाहेर गेली. तास नसतानाही मुलं येऊ लागली. उपस्थिती इतकी वाढली की हजेरीपट बनावट असल्याचा संशय घेण्यात आला. पुस्तकातलं, पेटीत बंद केलेलं मांजर जिवंत की मेलेलं यावरून कँटीनमध्ये भांडण झालं आणि बालाजीची गावाकडची शेवटची एसटी चुकली. सर व्हरांड्यात उभ्या उभ्या विद्यार्थ्यांशी वाद घालायचे, हरायचे आणि हरल्यावर चहा पाजायचे. ‘विभागात विनाकारण आनंद आढळून येत आहे, त्याचा खुलासा करावा,’ असं प्राचार्यांचं पत्र आलं. अभ्यासक्रम कुठे राहिला हे विचारायला कुणाला सवड नव्हती.

परीक्षेने मात्र आपलं कर्तव्य सोडलं नाही. पेपर दरवर्षीचाच आला. ‘सायचे महत्त्व थोडक्यात लिहा’ या दोन गुणांच्या प्रश्नाला बुद्धप्रियाने चार पानं लिहिली आणि शेवटी, ‘यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही,’ असं नोंदवलं. तिला अर्धा गुण मिळाला. विभागाचा निकाल कोसळला. पहिला आला शिवम, जो वर्षभर लातूरला एका क्लासमध्ये शिकवत होता आणि आमच्या वर्गात एकदाही फिरकला नव्हता. (त्यामुळे त्याच्या तयारीत समजण्याचा अडथळा आला नाही.)

निकालाच्या दिवशी बुद्धप्रिया प्रयोगशाळेच्या पायरीवर बसली होती. कशीबशी पास झाली होती, डोळे लाल होते. सर शेजारी येऊन बसले.

“तुझे मार्क मी खाल्ले,” ते म्हणाले.

“न्हाई सर.” तिने ओढणीने नाक पुसलं. “साल लई भारी गेलं.”

सरांकडून तो पेपर काढून घेण्यात आला आणि त्यांना पाण्याच्या टाक्यांची देखरेख देण्यात आली. बुद्धप्रिया घरी बसून अभ्यास करत राहिली. पुढच्या वर्षी दक्षिणेतल्या एका मोठ्या संशोधन संस्थेची प्रवेश परीक्षा तिने दिली आणि मुलाखतीला गेली. तिथे तिला नेमकं तेच विचारलं, साय म्हणजे काय. ती म्हणाली, “नक्की माहीत नाही. पण काय काय माहीत नाही, ते सांगू शकते.” पाचही परीक्षक खुर्च्या पुढे ओढून ऐकत बसले. तिची निवड झाली.

महाविद्यालयाच्या गेटवर लगेच बॅनर लागला. त्यावर संस्थाध्यक्ष, उपाध्यक्ष, सचिव, प्राचार्य आणि विभागाची उज्ज्वल परंपरा म्हणून शिवम. बुद्धप्रियाचा फोटो खाली उजवीकडे, जागा उरली तिथे. महादेवप्पा सरांचा फोटो नव्हता, पण ते हजर होते. रस्त्यात उभे राहून बॅनर सरळ लागला की नाही ते सांगत होते आणि मुदखेडला फोन लावून सिंधुताईंना पेढे पोचले का विचारत होते.

ही हकिगत इथे संपते. साय म्हणजे काय, हे तीत कुठेही सांगितलेलं नाही. तरीही आपण मान डोलावत, योग्य जागी हसत शेवटपर्यंत आलात आणि आपलं कुठेच अडलं नाही. आमच्या विभागात प्रवेश सुरू आहेत. आपला निकाल उत्तम लागेल.