न बघता दिलेली किटली

"बास्केटबॉल आपल्याला कळतो!" असं मामा छातीठोकपणे सांगत. त्यांनी आयुष्यात एकदाही चेंडू हातात धरला नव्हता, पण ही गोष्ट त्यांच्या मते अगदीच किरकोळ होती.

मामा म्हणजे चौकातल्या कपबश्यांच्या दुकानाच्या मालकिणीचे यजमान. दुकान मामींचं, त्यांच्या वडिलांकडून आलेलं. मामांची नेमणूक मागच्या खोलीत, पेंढ्यातून माल सोडवायला. गिऱ्हाइकांसमोर यायची त्यांना बंदीच होती, कारण मामांना तंद्री लागायची! कोणी बशी मागितली की मामा ती उजेडात धरत, तिच्या पातळ कडेतून ऊन कसं झिरपतं ते बघत राहत, आणि बशी हातातून सुटली हे त्यांना खळ्ळ झाल्यावरच कळे. परवा सुपाचे वाडगे गेले, तेव्हा मामींचा पाराच चढला.

"अहो, आता तुमच्यापायी एक कप जरी फुटला ना, तर दुकानाची पायरी चढायची नाही! घरी बसायचं!"

मामा लगबगीनं मागच्या खोलीत पळाले. घरी काय होतं? खिडकी, तीही भिंतीकडे तोंड करून. इथे दुपारी झरोक्यातून ऊन उतरायचं, पेंढ्याचे कण सोन्यासारखे तरंगायचे, कोपऱ्यात छोट्या टीव्हीवर सामना चालू असायचा. मामांचा सगळा जीव त्या खोलीत होता. शिवाय तिथे माल बांधणारा ढब्बू होता. मामांचं बोलणं शेवटपर्यंत ऐकणारा जगातला एकमेव माणूस!

"ढब्बू, खेळच बदलला रे!" मामा त्याच्या हातातली प्लेट घेता घेता म्हणाले. "पूर्वी आपल्या शहराच्या टीममध्ये एखादा परदेशी असायचा, शोभेपुरता. आता बघ! पाचात तीन बाहेरचे, तिघे तीन देशांचे! पूर्वी उंच माणसाला नेऊन रिंगखाली उभं करायचे, खांबासारखं. आणि त्या तिघांतला आपला लांब्या? सगळ्यांत उंच, आणि करतो काय? पास देतो! तोही न बघता! बघतो डावीकडे, चेंडू उजवीकडे! आता आपली पोरंसुद्धा तसंच खेळायला लागली."

"मामा, 'धरलं' म्हणा की! माझा हात भरून आला!"

हा दुकानाचा कायदा होता. समोरच्यानं 'धरलं' म्हटल्याशिवाय देणाऱ्यानं हात सोडायचा नाही. मामींच्या वडिलांनी घालून दिलेला.

"धरलं," मामा नाखुशीनं म्हणाले. "किती मागासलेली पद्धत ही!"

तेवढ्यात बाहेरून मामींची हाक आली. "अहो, गिऱ्हाईक आलंय! निळ्या फुलांचा टी-सेट द्या बाहेर! एकेक करून! आणि लक्ष ठेवून!"

मामा हातात कप घेऊन मधल्या दारात आले आणि जागच्या जागी थिजले. दुकानात लांब्या उभा होता! खरा! मान वाकवून, कारण वर दिवा होता. शेजारी त्याची आई, परदेशातून लेकाचं नवं घर लावून द्यायला आलेली. दारातून उतरतं ऊन थेट त्याच्या खांद्यांवर पडलं होतं.

मामांना तंद्री लागली. दुकान विरघळलं. कानात हजारो लोकांचा गजर भरला. मामांनी शांतपणे डावीकडे, पाण्याच्या जग-पेल्यांकडे बघितलं, आणि उजव्या हातानं कप लांब्याकडे सोडून दिला.

"अहोऽऽ!" मामी किंचाळल्या.

आवाज झाला नाही. लांब्या एका बरणीकडे बघत होता. तसाच बघत राहिला आणि त्यानं लांबलचक हात पसरून कप अलगद झेलला!

"मामा, छान पास!" तो हसला. दोन मोसम इथे काढून तो आपली भाषा मोडकीतोडकी बोलायला शिकला होता. त्यानं कप आईकडे टाकला. आईनं न बघता झेलून काउंटरवर ठेवला. "मला आईनंच शिकवलं. ती खेळायची. मी लहानपणी फार बुटका. बुटका काय करणार? पास देणार! उंच नंतर झालो."

मग काय विचारता! ढब्बूकडून मामांकडे, मामांकडून लांब्याकडे, लांब्याकडून आईकडे, आईकडून मामींकडे! पहिली बशी आली तेव्हा मामींनी देवाचा धावा केला. दुसरी झेलली. तिसरी तर त्यांनी एका हातानं झेलली, आणि त्यांच्या गालांवर रंग चढला. 'धरलं' कोणी म्हणत नव्हतं. कपबश्या उन्हातून संथ तरंगत चालल्या होत्या, आणि वेळही जणू पेंढ्यात गुंडाळून ठेवली होती. रस्त्यावरची माणसं काचेला नाक लावून उभी राहिली.

सगळा सेट सुखरूप मामींपर्यंत पोचला. मामांचे डोळे भरून आले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्या हातून इतका माल गेला होता आणि काहीसुद्धा फुटलं नव्हतं!

"हाच सेट घेतो," लांब्या म्हणाला.

शेवटची किटली मामींच्या हातात होती. ती ठेवायची आणि बिल करायचं, एवढंच बाकी होतं. पण मामींनी पदर खोचला, मान ताठ करून रस्त्याकडे बघितलं, आणि किटली मामांकडे भिरकावली!

मामा त्या वेळी मामींकडेच बघत होते. लग्नानंतरची पहिली काही वर्षं सोडली तर त्या अशा कधी दिसल्या नव्हत्या! कपाळावर बट, डोळ्यांत चमक, ओठांवर हसू. मामा बघतच राहिले. त्यांच्या कानाशेजारून काहीतरी निळं, सुंदर असं निघून गेलं.

खळ्ळ!

ढब्बूनं घाईघाईनं पेंढ्यात डोकं घातलं.

"अगं, पण ही मी नाही... तूच तर..." मामा चाचरले.

"मी? माझा पास सरळ तुमच्या छातीवर होता! विचारा यांना!"

सगळे लांब्याच्या आईकडे वळले. तिनं तुकड्यांकडे पाहिलं, मामींकडे पाहिलं, मामांना आपादमस्तक न्याहाळलं, आणि गंभीरपणे आपल्या भाषेत काहीतरी सांगितलं.

"काय म्हणतात त्या?" मामांनी बारीक आवाजात विचारलं.

लांब्यानं घसा खाकरला. त्याला बिचाऱ्याला फार अवघड झालं होतं.

"आई म्हणते, पास उत्तम होता. मामांना मैदानाबाहेर बसवा."