वाळुंजकाकांचे चालायचे मुलूख

आमच्या लालबागच्या चाळीत कुणीही गावाहून आलं, की वाळुंजकाका त्याची खुशाली विचारत नसत. जिन्याच्या तोंडाशी त्याला अडवत आणि म्हणत, "वहाण दाखव."

माणूस हातातली ट्रंक सांभाळत एक पाय वर करी. काका वाकून तळ बघत, नखानं माती खरवडत, अंगठ्यावर चोळत आणि निकाल देत. "कऱ्हाडच्या पुढं गेला नव्हतास." बहुतेक वेळा ते बरोबर निघे. एकदा तिसऱ्या मजल्यावरचे दळवी देवदर्शनाला म्हणून चार दिवस बाहेर होते. काकांनी त्यांचा बूट उलटा करून "ही माती कुर्ल्याची" असं सगळ्यांसमोर सांगून टाकलं. दळवींच्या घरात पुढे आठवडाभर चूल धड पेटली नाही.

किसनराव वाळुंज जुन्नरकडचे. मिलच्या हजेरीखात्यात कारकून. बायको पहिल्या बाळंतपणात मूल घेऊनच गेली, त्यानंतर त्यांनी पुन्हा लग्न केलं नाही. खोलीत एक खाट, एक स्टोव्ह आणि भिंतभर पसरलेला देशाचा नकाशा. वर्षाची सगळी रजा साठवून ते दर हिवाळ्यात एका मुलखात जात आणि पंधरा दिवस नुसते चालत. देवळं बघत नसत, राजवाडे बघत नसत. परत आले की नकाशावर पेन्सिलीनं त्या मुलखाचा नंबर लिहीत. चालण्यासाठी देशातला सगळ्यांत उत्तम मुलूख कोणता, हे त्यांना मरायच्या आत ठरवायचं होतं.

"काही मुलूख बघायचे असतात, काही चालायचे," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. काश्मीर बघायचा. निलगिरी साहेबांचा मुलूख, तिथल्या वाटासुद्धा इस्त्री केलेल्या. राजस्थानात वाळू, टाकलेलं पाऊल निम्मं परत येतं. हिमालयाला त्यांनी पाचवा नंबर दिला तेव्हा चाळीत वाद झाला. काका शांतपणे म्हणाले, "मोठा आहे, मान्य. पण मोठ्या माणसाकडं रोज जेवायला जाता येतं का?"

आम्ही मालवणकडचे. आमच्या कोकणाला त्यांनी अकरावा नंबर दिला होता. "कोकणात चालता येत नाही. नुसतं चढायचं आणि उतरायचं." हे ऐकून माझ्या आईनं त्यांना दोन दिवस आमटी पाठवली नाही. तिसऱ्या दिवशी पाठवली. काकांनी वाटी परत करताना सांगितलं, "वहिनी, आठवा केला."

मी तेव्हा परळच्या एका शाळेत नुकतीच शिक्षिका झाले होते. माझं भूगोलाचं पुस्तक काकांनी एका बैठकीत वाचून काढलं आणि नाराज होऊन परत दिलं. "कुसुम, यात पाऊस किती पडतो ते दिलंय, पिकं दिलीत, खनिजं दिलीत. दम कुठं लागतो ते कुठंच नाही."

त्यांचं हे सगळं मनापासून ऐकणारा माणूस चाळीत एकच होता, माझा मोठा भाऊ जयवंत. तो मिलच्या वर्कशॉपमध्ये फिटर होता. बावीस वर्षांचा, हडकुळा, पायाला भिंगरी. सुट्टी मिळाली की काका आणि तो भाकऱ्या बांधून कुठल्यातरी डोंगराला जात. वडील गेल्यानंतर जयूदादा घरात फारसा बोलत नसे. काकांच्या खोलीत मात्र त्याचा आवाज भिंतीपलीकडे ऐकू येई.

दोघांचं भांडण एकाच गोष्टीवरून होई. पहिला नंबर काकांनी कुणालाच दिलेला नव्हता. काकांचं मन डांगच्या जंगलाकडे ओढत होतं, दादाचं बेळगावच्या पश्चिमेला. तेव्हा संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते. कुठला तुकडा कुणाला जाणार यावर नाक्यानाक्यावर सभा होत. दादा त्यातली एकही सोडत नसे.

"काका, उद्या बेळगाव आपल्यात आलं, की तिकडं चालायची मजा वेगळीच असेल."

"पायाला हद्द कळत नाही, जयवंत. पायाला चढ कळतो आणि उतार कळतो."

"तुमच्या पायाला कळत नसेल. माझ्या कळते."

काका हसत. राज्य झालं की दोघांनी महिनाभर रजा काढायची, दोन्ही मुलूख चालायचे आणि पहिला नंबर ठरवायचा, असं ठरलं होतं.

मग ते दिवस आले. मिल बंद, ट्राम बंद, दुकानांच्या फळ्या लागलेल्या. शहरात कुठे ना कुठे गोळीबार झाल्याचं रोज कानावर येई. एका सकाळी दादा मोर्चाला निघाला. आई आत भात वेळत होती, तिला तो "आलोच" एवढंच म्हणाला. मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. काका त्यांच्या दाराशी उभे होते. त्यांनी त्याला अडवलं नाही. एवढंच म्हणाले, "येताना मोठ्या रस्त्यानं येऊ नको, तिथं गाड्या उभ्या असतील. बाजारामागचा बोळ धर. सरळ घरी येशील."

"बरं," म्हणून दादा दोन दोन पायऱ्या उतरत गेला.

दुपारी चार अनोळखी माणसं आमच्या चाळीत विचारत आली. दादाला गोळी लागली होती. त्याच्या खिशातल्या मिलच्या पासावरून त्यांना पत्ता मिळाला होता. तो बाजारामागच्या बोळात पडला होता, असं ते म्हणाले. आई आणि मी हॉस्पिटलात पोचलो तेव्हा त्याचा श्वास चालू होता. आई त्याच्या उशाशी बसली, मी पायाशी. त्यानं डोळे उघडले नाहीत. संध्याकाळच्या आत तो गेला.

काकांनी त्याला काय सांगितलं होतं, ते मी आईला कधी बोलले नाही. पण मला ते ठाऊक होतं, आणि मला ठाऊक आहे हे काकांना माहीत होतं. मी त्यांच्याशी बोलणं सोडलं. गॅलरीत समोरून आले तर मी आत वळे. आज मला त्याची लाज वाटते. तेव्हा कुणावर तरी राग धरल्याशिवाय मला उभं राहता येत नव्हतं.

काकांनी भिंतीवरचा नकाशा काढला. कुणाची वहाण बघणं थांबलं. हिवाळ्यातली रजा थांबली. आणखी एक गोष्ट झाली, ती लोकांच्या जरा उशिरा लक्षात आली. वाळुंजकाका कुणाला वाट सांगेनासे झाले. पूर्वी कुणीही काही विचारलं तर हातवारे करून गल्लीबोळासकट सांगणारा हा माणूस. आता कुणी साधं "अँटॉप हिलला कसं जायचं हो?" विचारलं, तरी ते गप्प होत. आत जात, टोपी घालत, वहाणा चढवत आणि म्हणत, "चला, मी येतो."

आणि खरंच जात. परगावचा एक म्हातारा शीवच्या हॉस्पिटलचा पत्ता विचारत आला, तर काका त्याच्याबरोबर चालत शीवपर्यंत गेले आणि चालत परत आले. चाळीतल्या पोरी त्यावर हसत. खालचा दुकानदार गिऱ्हाइकांना गमतीनं सांगे, "वाळुंजांना काही विचारू नका, घरापर्यंत येतील." मी हसले नाही. एके दिवशी शाळेतून येताना मला ते दिसले. कुणा बाईच्या चार पावलं पुढे चालत होते. प्रत्येक वळणावर थांबून आधी स्वतः पलीकडे डोकावत, मग तिला हातानं खूण करत. मी फुटपाथवर उभी राहिले. त्या संध्याकाळी मी आमटीची वाटी घेऊन त्यांच्या दाराशी गेले. त्यांनी वाटी घेतली.

अशी चारेक वर्षं गेली. राज्य झालं. चाळीवर रोषणाई झाली, पेढे वाटले गेले. डांग आपल्याला मिळालं नाही, बेळगावही नाही. आईनं दादाच्या फोटोला हार घातला आणि दिवसभर घरातलीच कामं काढत बसली. चार दिवसांनी काका आमच्याकडे आले. आई उंबऱ्यात तांदूळ निवडत होती. मी वह्या तपासत होते.

काका बसले नाहीत. "वहिनी, एक सांगायचं राहिलंय," म्हणाले. आणि त्यांनी सांगितलं. त्या सकाळी ते कुठे उभे होते, दादा काय म्हणाला, त्यांनी त्याला कुठली वाट धरायला सांगितलं. सगळं सांगून झाल्यावर म्हणाले, "मोठ्या रस्त्यानं आला असता तर आज असता."

आईची मान खाली होती. तिनं सुपातला एक खडा उचलून बाहेर टाकला.

"तुमी उगाच जीवाक लावन घेतलास," ती म्हणाली. "जयून माका हॉस्पिटलात सगळा सांगितल्यान. तो मोठ्या रस्त्यानच येय होतो. गोळी थंयच लागली, मगे तो बोळात शिरलो. तुमची वाट त्येनं धरलीच नाय."

काका तिच्याकडे बघत राहिले. मी मान वर केली नाही. दादा हॉस्पिटलात एक अक्षरही बोलला नव्हता. मी तिथेच होते.

"खरं म्हणता वहिनी?"

"माझ्या झिलाचा नाव घेवन मी खोटा बोलान?" आई म्हणाली आणि पुन्हा निवडायला लागली. तिची बोटं तांदळातून फिरत होती, पण ती काहीच वेचत नव्हती.

मग सूप बाजूला ठेवून तिनंच विचारलं, "तुमच्या सगळ्या मुलखांत माझ्यासारख्या बाईक चालूक खंयचो बरो?"

काकांना हे ठरवायला दीड महिना लागला. दर रविवारी येऊन ते आईला प्रश्न विचारत. गुडघा चढताना दुखतो की उतरताना? ऊन सोसतं का वारा? झाडी लागते की मोकळं? आई वैतागून म्हणे, "चालूक जातंय का लग्न जमवतास माझा?" एकदा ते कागदावर सात नावं लिहून घेऊन आले आणि आमच्यासमोर एकेक खोडत गेले. महाबळेश्वर गर्दीचं, कोयनेकडे जळवा, माथेरानला माती फार उडते. शेवटी त्यांनी स्वतःचाच मुलूख निवडला. त्याला त्यांनी कधी नंबर दिला नव्हता. मी कारण विचारलं तेव्हा म्हणाले, "तिथं मी चाललो कुठं? तिथं मी नुसता राहिलो."

थंडीत आम्ही तिघं निघालो. जुन्नरपर्यंत एसटी, पुढे एका ओळखीच्याची बैलगाडी, आणि शेवटचा तासाभराचा रस्ता पायी, नाणेघाटाच्या माथ्यापर्यंत. वाट सपाट होती, दोन्ही बाजूंना वाळलेलं गवत. आई पदर खोचून, अनवाणी, आमच्या पुढे चालत होती. तिला इतकं भरभर चालताना मी कधी पाहिलं नव्हतं. चाळीत तिला चार खोल्यांपलीकडे जायचं कारणच पडत नसे. माथ्यावर पोचल्यावर ती कड्यापासून जरा अलीकडे उभी राहिली. खाली सगळं कोकण पसरलं होतं.

"हयसून आमचा गाव दिसता?"

"नाही वहिनी. फार लांब राहिलं ते, दक्षिणेला."

"ऱ्हवांदे. वारो तोच आसा." ती एका दगडावर बसली आणि शिदोरी सोडायला लागली.

काका आणि मी पाण्याचं टाकं शोधायला जरा मागे गेलो. तांब्या भरता भरता ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "कुसुम, तुझी आई त्या दिवशी खोटं बोलली."

मी टाक्यातला पालापाचोळा हातानं बाजूला सारत राहिले.

"मी त्या बोळात जाऊन आलोय. एकदा नाही, बऱ्याच वेळा. तिथल्या माणसांनी डोळ्यांनी पाहिलंय. तो बोळातूनच येत होता. मी सांगितलं होतं तसा." त्यांनी तांब्या पाण्यातून काढला, बाहेरून धोतरानं पुसला. "मला हे ठाऊक आहे, ते वहिनींना कळू देऊ नकोस. फार कष्टानं बोलल्या त्या."

मी तांब्या माझ्याकडे घेतला. तिकडून आईनं हाक मारली, भाकऱ्या वाढल्यात म्हणून. काकांनी डोळ्यांवर पाण्याचा हात फिरवला, टोपी नीट केली आणि म्हणाले, "चल. तू पुढं हो, मी आलो."