वेरा कुटुंबाची पाटी

मुलीची गाडी निघायच्या तासभर आधीच रोलांदो तिच्यात जाऊन बसला होता. मांडीवर हातोडी, खिळे आणि स्वतः रंगवलेली पाटी: 'येथे वेरा कुटुंब राहत होते'. सोऱ्याच्या खाणी बंद पडल्या, वाळवंटातली गावं ओस पडली, त्याला साठ वर्षं झाली. तरी वर्षातून एकदा जुनी माणसं येतात, आपापल्या घरावर पाटी ठोकतात आणि तिथंच जेवून दिवस काढतात. रोलांदो आज पहिल्यांदाच निघाला होता. बायकोला, नेल्दाला, चाळीस वर्षं ऐकवलेलं घर एकदाचं दाखवायचं होतं.

"यास्ना, थांब, थांब. हा बाजार."

मुलीनं गाडी थांबवली. समोर सपाट वाळू होती.

"आणि मघाशी वाळू होती, ती काय होती, बाबा?"

"ती शाळा."

वाटेतल्या दोन गावांत त्यानं एक नाटकघर, दोन बेकऱ्या आणि एक न्हावी दाखवला. न्हाव्याच्या जागी निदान एक दगड तरी होता.

तिसरं गाव त्याचं, सांता एदुविहेस. कंपनीनं सगळी घरं एका साच्यातून काढलेली, नंबर कधीच उडालेले. सत्तरीचा रोलांदो दारं मोजत अक्षरशः पळाला. "हे बघ नेल्दा, हा नळ. आणि ही चौकट." चौकटीवर उंचीच्या रेघा होत्या, सगळ्यांत खाली 'रो'. त्याला रडूच फुटलं. पाटी ठोकली, नेल्दानं चादर अंथरून सारण भरलेल्या एम्पनादांचा डबा उघडला. तेवढ्यात पर्यटकांची बस आली. रोलांदोनं तीस जणांना घर फिरवलं, आणि कोणी मागितलं नसताना पुन्हा एकदा फिरवलं.

दारात एक म्हातारी बाई येऊन उभी राहिली. तिच्याही बगलेत पाटी होती.

"माझ्या घरात जेवताय, तर मलाही वाढा."

"तुमच्या?" रोलांदो म्हणाला. "हा आमचा नळ आहे."

"तुमच्या नळाला पाणी कधी यायचं रे? बादली घेऊन यायचास. मी ओतिलिया."

"मग हा 'रो' कुणाचा?"

"तुझाच. आई आम्हा भावंडांना मोजायची, तू मध्येच रांगेत घुसायचास."

"आणि आमचं घर?"

ओतिलियानं भिंतीपलीकडे बोट दाखवलं. तिथं गुडघाभर उंचीचा ढिगारा होता. यास्नाला हसू आलं होतं, ते तिनं गिळलं. रोलांदोनं हातोडी उचलली आणि तो पाटीचे खिळे उपसायला लागला.

"राहू दे," ओतिलिया म्हणाली. "माझी वर ठोक, तुझी खाली."

पर्यटक अजून घुटमळत होते. आता ओतिलियानं सूत्रं हाती घेतली. "तर ही आमची बैठकीची खोली, आणि चूल होती... चूल कुठं होती रे?"

"त्या कोपऱ्यात," रोलांदो म्हणाला. "तव्यावरची पहिली भाकरी तुझी आई मला द्यायची."

"हे मात्र खरं आहे," ओतिलिया पर्यटकांना म्हणाली. "मला अजून राग आहे त्याचा."