नानांचा मोनोपॉड

आमच्या गल्लीत बारसं असो, सत्यनारायण असो, की कुणी गेल्यावर दारावर बसायला जाणं असो, वसंतनाना कॅमेऱ्याशिवाय येत नाहीत. कॅमेरा म्हणजे खिशात मावणारा नव्हे. दुधाच्या किटलीएवढी लेन्स, ती एका उभ्या दांड्यावर बसवलेली, आणि तो दांडा टेकत टेकत येणारे नाना.

परवाच्या बारशाला ते पाळण्याशेजारी बसले तेव्हा आजीने घाईघाईने बाळाचं टोपडं नीट केलं. नाना मात्र घुगऱ्या खात राहिले. शेवटी मीच विचारलं, तर म्हणाले, ही लेन्स पंधरा फुटांच्या आतलं धरत नाही, बाळाला समोरच्या ओट्यावर नेऊन ठेवा.

नाना धरणगावात कापसाच्या एका जिनिंगमध्ये फिटर होते. निवृत्त झाले आणि पाखरांच्या नादी लागले. त्यांचं एकच तत्त्व. "पाखरूना जोडे जावानं नही. पाखरूले आपला जोडे आनानं." म्हणजे पाखराजवळ जाऊन त्याला त्रास द्यायचा नाही, त्यालाच भिंगातून जवळ आणायचं. त्यासाठी ते लेन्स आणि कॅमेरा यांच्यामध्ये टेलिकन्व्हर्टर नावाचं जास्तीचं भिंग बसवतात. "दुप्पट जोडे येस, पन उजेड पाव ऱ्हास," हे त्यांनी न्हाव्यापासून तलाठ्यापर्यंत सगळ्यांना समजावून झालंय. पाखरू दुप्पट झालं की हाताची थरथरही दुप्पट होते, म्हणून खाली तो एका पायाचा दांडा, मोनोपॉड. एकदा सोनगीरजवळ हायवेलगतच्या शेतात नाना असे रोखून उभे होते. शेताच्या मालकिणीला वाटलं, रस्त्याच्या रुंदीकरणाची मोजणी आली. तिने आधी शिव्या दिल्या, खरं कळल्यावर चहा दिला. नानांनी तिला तारेवरचा वेडा राघू दाखवला.

आता खरी गोष्ट सांगतो. दोन वर्षांपूर्वी नानांना अर्धांगाचा झटका आला. सावरले, पण डावा पाय ओढत राहिला. डॉक्टर म्हणाले, काठी वापरा. पुण्याच्या मुलाने चांगली नक्षीदार काठी पाठवली. तिने अक्का, म्हणजे नानांच्या पत्नी, माकडं हाकलतात. नानांनी त्या काठीला हात लावला नाही, आणि त्याच महिन्यात मोनोपॉड मागवला. कुणी चुकून काठी म्हणालं की नाना भर रस्त्यात थांबतात. "काठी नही शे. मोनोपॉड शे." आधार द्यायला कुणी हात पुढे केला तर तो दिसलाच नाही असं दाखवतात. आता सगळी गल्ली मोनोपॉडच म्हणते, भाजीवालीसुद्धा. मी शाळेतला मास्तर, मला आधी हसू यायचं. हल्ली मीही या नाटकात मनापासून काम करतो.

गेल्या हिवाळ्यात पारोळ्याकडच्या एका तलावावर पट्टकादंब उतरले. हिमालय ओलांडून येणारे, डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले हे हंस. त्यांचा थवा उडतानाचा फोटो नानांना तीन वर्षं हुलकावणी देत होता. या खेपेला अक्कांनाही दाखवू म्हणून त्यांनी त्यांना सोबत घेतलं. गाडी माझी. बांध उतरून आम्ही पाण्याकाठी बसलो, नानांनी टेलिकन्व्हर्टर चढवला आणि डोळा लावला.

तासभर थवा जागचा हलला नाही. पाय अवघडले म्हणून अक्का उठल्या आणि ओल्या दगडावरून घसरल्या. गुडघा मुरगळला. त्या आवाजाने सगळा थवा उठला, अगदी नानांच्या समोरून. नानांनी तिकडे पाहिलंही नाही. कॅमेरा फिरवून मोनोपॉडवरून काढला, माझ्या गळ्यात अडकवला आणि दांडा अक्कांच्या हातात दिला.

"हाई धर. सावकाश चढ."

"आनी तुमनं?"

"माले काय व्हयेल शे?"

अक्का दांडा टेकत बांध चढू लागल्या. मी आधार द्यायला गेलो तर त्यांनी मानेनेच मला मागे राहायला सांगितलं. नाना जागचे हलले नव्हते. थवा ठिपक्याएवढा झाला तरी तिकडेच बघत होते. मग, झटक्यानंतर पहिल्यांदा, त्यांनी माझ्यापुढे हात केला.

"मास्तर, माले बी वर ली चाल. तिले सांगू नको."

मी हात धरला. एकेक पाऊल टाकत आम्ही चढलो. वर पोहोचलेल्या अक्का आमच्याकडे पाठ करून उभ्या होत्या. आम्ही दोघं गाडीपर्यंत येऊन नानांचा हात माझ्या हातातून सुटेपर्यंत त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.